तळघरातला रेडॉन: ओटा फोडू नका, आधी तीन महिने मोजा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरजवळ कळंब्याच्या पुढे चढावर तुमचा बंगला आहे. रस्त्याच्या पातळीला तळघरासारखी एक खोली आहे. तिच्या पुढे अंगण, आणि उरलेल्या तिन्ही भिंतींना बाहेरून माती. गुडघ्यांमुळे जिना नको म्हणून सासरे दोन वर्षांपासून तिथेच झोपतात. मुलगा अमेरिकेहून येताना रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू, मोजायचं छोटं डिजिटल मीटर घेऊन आला. ते रात्रभर त्या खोलीत ठेवलं आणि सकाळी त्यावर ३.९ आलं. मुलगा म्हणतो, तिकडे ४ झालं की लोक दुरुस्तीला लागतात. सासरे बरीच वर्षं बिडी ओढतात आणि महिनाभर त्यांना खोकला आहे. त्यात शेजारी म्हणाले की रेडॉन ग्रॅनाइटमधून येतो. तेव्हा खोली बंद करायची का आणि स्वयंपाकघरातला ओटा फोडायचा का, असं तुम्ही विचारलंय.

ओटा फोडू नका. खोलीही एवढ्यात बंद करू नका. सासऱ्यांना मात्र उद्याच डॉक्टरकडे न्या, आणि नेताना मीटरची गोष्ट सांगत बसू नका.

हे शेवटचं आधी सांगतो. रेडॉनने खोकला येत नाही. डोकं दुखत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, चक्कर येत नाही. त्याचा जो काही त्रास आहे तो फुप्फुसाच्या कॅन्सरचा, आणि तो व्हायला वर्षानुवर्षं लागतात. महिनाभराचा खोकला म्हणजे आपल्याकडे आधी क्षयाची तपासणी. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला की थुंकी तपासायची, हा आपला नियमच आहे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा कुठल्याही सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. शिवाय जुना बिडीवाला माणूस म्हटल्यावर छातीचा एक्स-रे आलाच. 'रेडॉनसाठी' म्हणून कुणी रक्ततपासणी किंवा सीटी स्कॅन सुचवला तर घरी परत या. अंगात किती रेडॉन गेला हे सांगणारी दवाखान्यातली तपासणी नाही. मोजायचं असतं ते घर.

आता तो ३.९. हा आकडा अमेरिकी युनिटमध्ये आहे, पिकोक्युरी प्रति लिटर. बाकी जग बेकेरेल प्रति घनमीटर वापरतं, म्हणजे एक घनमीटर हवेत दर सेकंदाला किती अणू फुटतात ते. ३७ ने गुणा. तुमचे ३.९ म्हणजे साधारण १४४ बेकेरेल. मुलाला सेटिंगमध्ये जाऊन युनिट बदलायला सांगा, कारण पुढचे सगळे आकडे मी बेकेरेलमध्येच देणार आहे.

अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण खात्याने दुरुस्तीसाठी ४ पिकोक्युरी, म्हणजे १४८ बेकेरेल ही पातळी धरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकेरेल सुचवली, आणि एखाद्या देशाला ते जमण्यासारखं नसेल तर निदान ३०० च्या वर जाऊ नका असं म्हटलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही घरांसाठी ३०० हीच कमाल धरते. तीन ठिकाणी तीन आकडे कसे, असं लोक मला विचारतात. हे आकडे खर्च आणि फायद्याचा मेळ घालून ठरवलेले असतात. १४७ ला सुरक्षित आणि १४९ ला विष, अशी रेघ निसर्गात नाही. ईपीए सुद्धा २ ते ४ च्या मधल्या घरांना दुरुस्तीचा विचार करा असंच सांगते. त्यामुळे '४ च्या आत आहे, सुटलो' हेही बरोबर नाही आणि 'जवळजवळ ४ झालं, मेलो' हेही नाही.

रेडॉन येतो कुठून? जमिनीतून. कुठल्याही दगडात, मातीत थोडं युरेनियम असतंच. ते फार सावकाश क्षय पावत जातं, वाटेत रेडियम होतं, आणि रेडियम फुटलं की रेडॉन. आधीची सगळी मंडळी घन, दगडात अडकून पडलेली. रेडॉन वायू, त्यामुळे तो मातीच्या फटींतून निसटतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो कशाशी संयोगही पावत नाही. त्याचं अर्धआयुष्य ३.८ दिवस, म्हणजे तेवढ्या वेळात निम्मा फुटून जातो. थोड्या दिवसांत तो वर हवेत आला तर ठीक, नाहीतर जमिनीतच संपतो. मोकळ्या हवेत आला की इतका पातळ होतो की विषय संपला. घराखाली आला आणि घर कोंदट असलं, की साठतो.

गंमत म्हणजे खुद्द रेडॉन फारसं काही करत नाही. श्वासाबरोबर आत जातो, बाहेर येतो. त्रास देते ती त्याची पिल्लावळ. रेडॉन फुटला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे किरणोत्सर्गी अणू तयार होतात. हे घन असतात. हवेतल्या धुळीला, धुराला चिकटतात आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतात. यातला पोलोनियम-२१८ तीन मिनिटांत फुटतो, पोलोनियम-२१४ तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. फुटताना अल्फा कण फेकतात. अल्फा कण हवेत चार-सात सेंटिमीटर जातो, कागदानेही अडतो, शरीरात तर मिलिमीटरचा दहावा भागही जात नाही. पण अस्तराच्या जिवंत पेशी तेवढ्याच अंतरावर असतात, आणि त्यांच्या डीएनएचे दोन्ही धागे तोडायची ताकद त्याच्यात असते. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रेडॉनला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. सिगारेटचा धूरही त्याच गटात आहे.

ही पिल्लावळ डोळ्यांनी नाही, पण कानांनी अनुभवायची असेल तर पावसाळ्यात एक प्रयोग करता येतो. मोठी सर येऊन गेली की लगेच गाडीच्या बॉनेटवरचं पाणी टिश्यू पेपरने पुसायचं आणि तो कागद गायगर काउंटरसमोर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रासमोर, धरायचा. टकटक वाढते. हवेतले शिशाचे आणि बिस्मथचे अणू पावसाने खाली धुऊन आणलेले असतात. अर्ध्या तासात टकटक साधारण निम्मी होते, दोन-तीन तासांत संपते. यात घाबरण्यासारखं काही नाही, गाडी धुतल्याशिवाय बसू नका वगैरे कुणी म्हणू नये. कॉलेजच्या पोरांना हे दाखवलं की किरणोत्सर्ग फक्त अणुभट्टीत असतो ही समजूत एका मिनिटात जाते.

घरातल्या रेडॉनकडे जगाचं लक्ष गेलं तेही असंच एका काउंटरमुळे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारा स्टॅन्ली वॉट्रस हा इंजिनिअर गेटवरच्या तपासणी यंत्रात उभा राहिला की धोक्याची घंटा वाजायची. केंद्र तर अजून सुरूही झालेलं नव्हतं. शेवटी कळलं की तो किरणोत्सर्ग घरून अंगावर घेऊन येतोय. त्याच्या घरात घनमीटरला साधारण १ लाख बेकेरेल रेडॉन निघाला. तुमच्या १४४ शेजारी हा आकडा ठेवून बघा.

आता आपल्या मातीकडे येऊ, कारण अमेरिकेचा अनुभव जसाच्या तसा कोल्हापूरला लागू पडत नाही. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलोय, बसाल्टवर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बसाल्टमध्ये युरेनियम फार कमी, दहा लाख भागांत साधारण एखादा भाग किंवा त्याहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये तीन-चार भाग सहज सापडतात, कधी जास्तही. म्हणून झारखंडच्या सिंहभूम पट्ट्यात किंवा हिमालयातल्या काही भागांत जसा रेडॉन सापडतो, तसा इथे सरसकट सापडायचं कारण नाही. पश्चिमेला पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा इकडे पठारांवर जांभा आहे. जांभा म्हणजे बसाल्टच झिजून, धुपून उरलेला. त्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम साठतं, म्हणून तर दुर्गमानवाडीला बॉक्साइटची खाण झाली. या झिजण्यात थोरियमही मागे साठतं. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चंदगडच्या बाजूला, बसाल्टच्या खालचे जुने खडक वर डोकावतात, तिथे मी थोडा जास्त जागा राहीन. कळंब्याला नाही.

थोरियमचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्यातून थोरॉन निघतो. तोही रेडॉनच, पण त्याचा दुसरा समस्थानिक, म्हणजे वेगळ्या वजनाचा अणू, आणि त्याचं अर्धआयुष्य ५६ सेकंदांच्या आत. एवढ्या वेळात तो जमिनीतून वर येणं मुश्कील, म्हणून तो येतो भिंतीतूनच, आणि भिंतीपासून हातभर अंतरावर संपतो. उघड्या चिऱ्याचं किंवा मातीच्या भिंतीचं घर असलं तर तो मोजण्याइतका असतो. वर सिमेंटचा गिलावा आणि रंग असला की बराचसा आतच मरतो. तुम्हाला याचा उपयोग एवढाच की मीटर भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, काही मीटर थोरॉनलाही रेडॉन समजून आकडा फुगवतात.

मग बसाल्टवर बसूनही तुमच्याकडे १४४ कसे? दोन गोष्टी आहेत. एक, तो आकडा एका रात्रीचा आहे, त्याकडे पुढे येतो. दुसरी, खोलीची ठेवण. मातीच्या फटींतल्या हवेत एक मीटर खोलीवर घनमीटरला काही हजार ते काही दहा हजार बेकेरेल रेडॉन असणं अगदी साधी गोष्ट आहे, आपल्यासारख्या गरीब दगडातही. फरशीच्या सांध्यांतून, भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यातून, न्हाणीच्या ट्रॅपच्या कडेने ही हवा आत येते.

गणित करून दाखवतो. समजा तुमच्या खोलीत तासाला १०० लिटर मातीतली हवा शिरते, आणि तिच्यात घनमीटरला १०,००० बेकेरेल आहेत. म्हणजे तासाला १,००० बेकेरेल आत आले. खोली बारा बाय दहाची, साधारण ३६ घनमीटर. दारं-खिडक्या बंद, हवा तीन तासांत एकदा बदलते असं धरा, म्हणजे तासाला १२ घनमीटर. हजाराला बाराने भागलं की ८३ बेकेरेल. तीच खोली, तीच फट, पण दार-खिडकी उघडी आणि हवा तासाला दोनदा बदलते: १४ बेकेरेल. जमीन तीच, दगड तोच, फरक फक्त खिडकीचा. थंड देशांत घर आतून तापवलेलं असतं, गरम हवा वर निघून जाते आणि घर धुराड्यासारखं खालून जमिनीतली हवा ओढत राहतं. शिवाय सहा महिने खिडक्या बंद. म्हणून तिकडे हा प्रश्न मोठा. आपल्याकडे घर हवेशीर असलं की तो आपोआप मिटतो. मात्र आपणही आता एसी लावून खोल्या डब्यासारख्या बंद करायला लागलोय, आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आहे तीच फिरवतो.

आता ओट्याचं गणित. अडीच चौरस मीटरचा, दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइटचा ओटा भरतो साधारण १३५ किलो. किलोमागे १०० बेकेरेल रेडियम धरू. एकूण झालं साडेतेरा हजार. त्यातून तासाला साधारण १०० बेकेरेल रेडॉन बनतो, पण बराचसा दगडातच अडकतो. दहावा हिस्सा बाहेर पडला असं धरलं तर तासाला १०. स्वयंपाकघर ३० घनमीटरचं आणि हवा तासाला एकदा बदलणारी, तर ओट्यामुळे वाढ होते एका बेकेरेलच्या तिसऱ्या हिश्शाची. ग्रॅनाइट फार 'गरम' निघाला, पाचपट निघाला, तरी दोन बेकेरेल होत नाहीत. यासाठी कुणी ओटा फोडला तर फायदा फक्त फरशीवाल्याचा. शेजाऱ्यांना हे गणित दाखवा.

'रेडॉन हवेपेक्षा साडेसातपट जड, म्हणून खाली बसतो' असंही ऐकायला मिळतं. जड आहे हे खरं, पण इतका विरळ असतो की हवेत मिसळूनच राहतो. खालच्या खोलीत जास्त असतो कारण जमीन तिथे जवळ आहे. म्हणूनच ताराबाई पार्कातल्या पाचव्या मजल्यावरच्या माणसाने या विषयावर झोप घालवू नये. त्याच्याकडे येतो तो फक्त भिंतींतून, आणि तो किरकोळ. बोअरच्या पाण्यातूनही रेडॉन येतो, पण पाण्यात १०,००० असेल तेव्हा घरातल्या हवेत १ ची भर पडते असा ढोबळ हिशेब आहे. नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यात तर तो टिकतच नाही.

धोका नेमका किती, हे आकड्यांत सांगतो, कारण 'कॅन्सर होतो' एवढंच ऐकून माणूस एकतर गळपटतो किंवा हसण्यावारी नेतो. युरोपातले तेरा अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये एक मोठा निष्कर्ष निघाला: दीर्घकाळच्या सरासरीत दर १०० बेकेरेलमागे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका १६ टक्क्यांनी वाढतो. हे १६ टक्के कशाच्या? आधी जो धोका आहे त्याच्या. कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाला पंचाहत्तरीपर्यंत हा कॅन्सर व्हायची शक्यता, रेडॉन शून्य धरला तर, हजारात ४. घरात १०० बेकेरेल असेल तर हजारात ५. ४०० असेल तर ७. आणि सिगारेट ओढणाऱ्याची? शून्य रेडॉनला हजारात १००. शंभर बेकेरेलला १२०. चारशेला १६०.

हे आकडे नीट बघा. बिडी ओढणारा माणूस तळघरातून वर आला तर त्याचा धोका फार तर हजारात वीसने कमी होईल. त्याने बिडी आधीच कधी धरली नसती तर शंभरने कमी असता. या वयात सोडूनही तो सगळा परत मिळत नाही, पण सोडल्या दिवसापासून उतरायला लागतो. मी रेडॉन मोजणारा माणूस असून सांगतो, त्या खोलीतली सगळ्यात धोकादायक वस्तू मातीत नाही, सासऱ्यांच्या खिशात आहे. त्यातही बंद खोलीत ओढत असतील तर रेडॉनच्या पिल्लावळीला चिकटायला धुराचे कण आयतेच मिळतात. निपाणी इथून हाकेच्या अंतरावर, तंबाखू आपल्याकडे घरोघरी. मळून खाणाऱ्यांनी मात्र वरच्या हिशेबावर खूश होऊ नये, त्यांचा कॅन्सर तोंडात येतो आणि त्याचा रेडॉनशी काही संबंध नाही.

चुलीचा धूर घरात कोंडत असेल तर तोही याच रांगेत रेडॉनच्या पुढे. आणि बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावला असेल तर तो रेडॉनच्या गप्पा मारायच्या आधी बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइड वर्षांत नाही, मिनिटांत माणूस मारतो. जुन्या बंद पेवात किंवा विहिरीत उतरून माणसं दगावतात, त्यामागेही कुणीतरी रेडॉन आणून बसवतं. तिथे कारण कार्बन डायऑक्साइड साठणं आणि ऑक्सिजन संपणं हे असतं.

मोजायचं कसं ते आता. तुमच्या मुलाचं मीटर वाईट नाही, पण एका रात्रीत त्याला फार थोडे कण मोजायला मिळतात. थोड्या मोजणीवर आकडा वर-खाली उड्या मारतो. त्यात रेडॉन स्वतःच दिवसभर बदलतो. पहाटे, हवा स्थिर आणि खिडक्या बंद असताना सगळ्यात जास्त, दुपारी वारा सुटला की सगळ्यात कमी. तुम्ही नेमका सकाळचा आकडा धरला. तेव्हा मीटर खोलीत तीन महिने राहू द्या. जमिनीपासून मीटरभर वर, भिंतीपासून निदान हातभर लांब, पंख्याच्या थेट झोतात नाही, न्हाणीच्या दाराजवळ नाही. पहिला आठवडा बघूच नका. रोज उठून आकडा बघायची सवय लागली तर मीटर कपाटावर तोंड फिरवून ठेवा. शेवटी दीर्घकाळची सरासरी तेवढी वाचायची. आणि खोली नेहमी जशी वापरता तशीच वापरा, मोजणी चालू आहे म्हणून मुद्दाम बंद किंवा उघडी नको.

आम्ही जे लावतो त्याला बॅटरी नसते, पडदा नसतो. बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) बनवलेला पिनहोल डोसिमीटर आहे, पाण्याच्या लहान पेल्याएवढी नळकांडी. आत दोन कप्पे, मधल्या चकतीला टाचणीने टोचल्यासारखी एक मिलिमीटरची चार भोकं. हवा गाळणीच्या कागदातून पहिल्या कप्प्यात येते, भोकांतून दुसऱ्यात झिरपते. थोरॉनला दुसऱ्यात पोचेपर्यंत आयुष्य पुरत नाही, रेडॉन पोचतो. त्यामुळे दोघांचा वेगळा हिशेब लागतो. दोन्ही कप्प्यांत लालसर फिल्मचा तुकडा चिकटवलेला असतो, एलआर-११५ म्हणतात. अल्फा कण त्यावर आदळला की सूक्ष्म जखम होते. नव्वद दिवसांनी फिल्म काढून ६० अंशांच्या कॉस्टिक सोड्यात दीड तास ठेवायची, की त्या जखमा आरपार भोकं होतात. मग लाल पापुद्रा सोलून मोजणी यंत्रावर ठेवला की प्रत्येक भोकातून एक ठिणगी उडते, वरच्या चंदेरी पट्टीवर टिंब उमटतं, आणि यंत्र टिंबं मोजतं. खोलीच्या तीन महिन्यांची नोंद अशी चंदेरी पट्टीवर ठिपक्यांत मिळते. बऱ्याच विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत हे काम चालतं, विचारून बघायला हरकत नाही.

एक मोजणी उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यात झाली तर फार उत्तम. आपल्याकडे दोन्ही ऋतूंची तऱ्हा वेगळी. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जमीन मोकळा श्वास टाकते. जूनमध्ये माती भिजून फुगली की त्या भेगा मिटतात, वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो. मातीतल्या वायूला मग कोरडी वाट उरते ती घराखालची. नेमकं तेव्हाच आपण पावसाच्या झडीमुळे खिडक्या लावून बसतो. आपल्याकडे जास्तीचा आकडा यायचाच असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये येईल असं मी धरून चालतो.

आकडा आल्यावर काय? तीन महिन्यांची सरासरी १०० च्या आत आली तर मीटर बहिणीला, मैत्रिणीला वापरायला द्या. १०० ते ३०० मध्ये आली तर आधी स्वस्तातले उपाय. भिंत आणि फरशीचा कोपरा सगळीकडून नीट भरून घ्या, नुसती पांढरी सिमेंट नको, ताणली तरी न फुटणारं सीलंट घाला. न्हाणीच्या ट्रॅपमध्ये पाणी कायम राहतंय का बघा, पाइप जिथे फरशीतून वर येतो तिथली गोल फट बुजवा. वरच्या बाजूला झडप किंवा जाळीची खिडकी काढून समोरच्या दाराशी हवा खेळती करा.

इथे एक चूक सर्रास होते. लोक तळघरात एक्झॉस्ट फॅन बसवतात आणि दार-खिडकी बंद ठेवतात. फॅन हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो, आणि भरपाई म्हणून जमिनीतलीच हवा जोरात ओढली जाते. रेडॉन वाढू शकतो. बाहेरची हवा यायला मोठी वाट ठेवा, नाहीतर फॅन उलटा लावून बाहेरची हवा आत ढकला. एअर प्युरिफायरही रेडॉनवर उपाय नाही, तो धूळ पकडतो, वायू नाही. त्यापेक्षा छताचा पंखा बरा: रेडॉन त्यानेही कमी होत नाही, पण हवा ढवळली की पिल्लावळ भिंतींवर आणि पात्यांवर जाऊन बसते, श्वासात कमी येते.

३०० च्या वर आलं तर फरशीखालून हवा ओढायची. फरशीला एक भोक पाडून खालची बादलीभर माती काढायची, त्यात चार इंची पीव्हीसी पाइप उभा करायचा, कडा घट्ट बंद करायच्या, पाइप गच्चीवर न्यायचा आणि वर पाइपात बसणारा छोटा पंखा लावायचा. फरशीखालचा दाब खोलीपेक्षा कमी झाला की वायू आत न येता पाइपाने वर जातो. नीट जमलं तर रेडॉन ८०-९० टक्क्यांनी उतरतो. कुठलाही समजदार प्लंबर हे करू शकतो, फक्त त्याला कारण समजावून सांगा, नाहीतर तो म्हणेल फरशीला कशाला भोक पाडताय.

ज्यांचं बांधकाम सुरू आहे, विशेषतः २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर जोतं उंच घेणाऱ्यांनी, हे आधीच करून ठेवावं. मुरमाचा उंच भराव म्हणजे घराखाली हवेच्या पोकळ्यांचा जाड थर. सोलिंगमध्ये (दगडांच्या थरात) भोकं पाडलेला एक पाइप आडवा टाका, पीसीसीच्या, म्हणजे फरशीखालच्या काँक्रीटच्या, आधी जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, सांध्यांवर वीतभर चढवून, आणि पाइपाचं एक टोक भिंतीतून गच्चीवर काढून ठेवा. या टप्प्यावर खर्च अगदी किरकोळ. ओल वर येणंही कमी होतं, तो फायदा तर लगेच दिसतो.

घरांपेक्षा मला काळजी वाटते ती बेसमेंटमधल्या अभ्यासिकांची. एसी लावून, काचा बंद करून पोरं स्पर्धा परीक्षेसाठी दिवसाचे दहा-बारा तास तिथे बसतात. तिथेही रेडॉन जास्तच असेल असं मी म्हणत नाही. पण शहरात एकच मोजणी करायची झाली तर मी ती तुमच्या खोलीआधी तिथे करेन. कोंडलेल्या हवेने पोरांना पेंग येते ती कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि बाहेरची हवा आत आणली की दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

तुमच्या बाबतीत, तीन महिने होईपर्यंत सासऱ्यांना त्याच खोलीत राहू द्या, रात्री अंगणाकडची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, डासांसाठी जाळी लावा. ती नेहमीसाठीच उघडी ठेवणार असाल तर मोजणीतही उघडीच हवी. त्यांना गुडघ्यांनी वर चढवायची घाई नको, जिन्यावरून पडून खुबा मोडण्याचा धोका या वयात खरा आणि जवळचा आहे. सरासरी आली की युनिटसकट कळवा. आणि पाइप बसवायची वेळ आलीच, तर गच्चीवरच्या टोकाला जाळी लावून त्यावर ऑइलपेंटने 'रेडॉन' असं ठळक लिहून ठेवा, नाहीतर पुढचा प्लंबर टाकीचा ओव्हरफ्लो त्यातच सोडून मोकळा होईल.